दोनशेच्या घरातले हंबीरआबा

हंबीरराव पिसाळ कुणाच्या आजाराला भेटायला निघाले की सगळ्या गल्लीला कळायचं. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पायांत करकरणाऱ्या वहाणा आणि हातात सफरचंदांची पिशवी. कराडातल्या दवाखान्यांचे जिने त्यांना देवळाच्या पायऱ्यांसारखे पाठ झाले होते. वॉर्डात शिरले की ते थेट रोग्याच्या खाटेवर बसायचे. खाट कुरकुरायची, सलाइनची नळी हलायची, आणि आबा बाटलीकडं बघत म्हणायचे, "काय न्हाई रं, मनाला लावून घेऊ नगं." मग याच दुखण्यानं आजवर गावातलं कोण कोण गेलं ते सविस्तर सांगायचे. रोगी डोळे मिटून घ्यायचा. आबांना वाटायचं, बिचाऱ्याला आपल्या बोलण्यानं झोप लागली.

मोरबंद गावच्या दूध सोसायटीचे ते चेअरमन. वय पन्नाशी ओलांडून साठीच्या वाटेला लागलेलं. तरुणपणी दोन वर्षं तालमीत घुमले होते, त्या दोन वर्षांच्या पुण्याईवर पुढची तीसेक वर्षं निभावली अशी त्यांची श्रद्धा होती. खाटेला खिळला तो आजारी, चालता-फिरता तो धडधाकट, एवढंच त्यांचं वैद्यकशास्त्र. जनावरांच्या बाबतीत मात्र हे शास्त्र त्यांना चालत नसे. गाभण म्हशीनं एक वेळची वैरण सोडली तरी ते पशुवैद्याला फोन लावत. सोसायटीतल्या एकूण एक जनावराच्या कानात बिल्ला होता, वेळच्या वेळी लस होती. माणसांपैकी कुणाला लस टोचून घ्यायला सांगितलं की ते म्हणायचे, "आमी काय जनावरं हाय व्हय?"

पोट वाढत होतं, पण गावात वाढत्या पोटाला कुणी पोट म्हणत नाही, 'तब्येत' म्हणतात. "आबा, तब्येत सुधारलीया हां," असं कुणी म्हटलं की आबा खूश. शाळेपासूनचा दोस्त सिकंदर मुल्ला गावात शिंपीकाम करायचा. दर दिवाळीला आबांच्या विजारीची कंबर उसवून वाढवताना तो म्हणायचा, "हंबीर, आता शिलाईत कापड उरलं न्हाई बघ." आबा म्हणायचे, "मग नवं कापड घे. तुझा धंदा चालू दे की गड्या."

घरात संयोगितावैनींचं वेगळंच चाललं होतं. पौषातल्या थंडीत सगळी चादरी ओढून बसायची आणि वैनी पंखा लावून पदरानं वारा घ्यायच्या. कानशिलं एकदम लाल व्हायची, अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं. मधूनच डोळ्यांना पाणी यायचं, मधूनच भांडी आपटायची. आबांनी निदान केलं, "उष्णता वाढलीया. सब्जा खा." वैनींनी सब्जा खाल्ला. मग कुणी गुलकंद सांगितला, कुणी नदीला ओटी भरायला सांगितली. शेजारणी म्हणाल्या, "वयच हाय ते. आमाला बी झालं. सांगतंय कोण?" खरंच कुणी सांगत नव्हतं. पाळी आली तेव्हा आईनं कानात सांगितलं होतं, पाळी गेली ते वैनींनी कुणालाच सांगितलं नाही. आणि गेलेली पाळी दोन वर्षांनी परत आल्यासारखं अंगावर जायला लागलं, तेव्हा तर त्यांनी ते स्वतःलाही सांगितलं नाही.

आबांचीही एक गोष्ट होती. लघवीला बसलं की धार तुटायची, उठलं की पुन्हा लागायची. सोसायटीच्या मीटिंगा ते हल्ली फार लवकर आटोपत. लोक म्हणत, चेअरमनचा कारभार कसा झटपट असतो बघा!

अशात सोसायटीची निवडणूक आली. विरोधी पॅनेलच्या कृष्णात यादवनं डोळ्यांचं शिबिर भरवलं आणि म्हाताऱ्यांना फुकट चष्मे वाटले. चष्मे लावलेले म्हातारे आबांच्या दारावरून नीट बघत जाऊ लागले, तसे आबा बेचैन झाले. "त्यानं डोळं तपासलं," ते म्हणाले, "आपण आख्खा माणूस तपासायचा." रातोरात फ्लेक्स लागला. 'चाळिशीनंतरचे आरोग्य, स्त्री-पुरुष महाशिबिर'. त्यावर आबांचा हात जोडलेला फोटो, आणि कोपऱ्यात चुकून राहिल्यासारखा एक स्टेथोस्कोप.

डॉक्टर म्हणून सिकंदरची लेक रुक्सार यायची ठरली. ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होती. लहानपणी आबांच्याच अंगणात ती बिट्ट्या खेळली होती, म्हणून त्यांना काका म्हणायची. ती म्हणाली, "येते काका. पण नारळ फोडून उद्घाटन करायचं नाही. आधी तुमची तपासणी, मग बाकीच्यांची."

"माझी कशाला? मी काय आजारी हाय?"

"आजारी पडल्यावर दवाखाना आहेच की. शिबिर त्याच्या आधी असतं."

आबांना वाक्य पटलं नाही, पण डॉक्टरीण आपल्या दंडाला पट्टा बांधतेय असा फोटो पेपरात बरा दिसेल हे पटलं.

शिबिराच्या दिवशी मांडव गच्च भरला, पण टेबलाजवळ कुणी येईना. पुरुष चिंचेखाली उभे होते. पुरुषांच्या कुठल्याशा तपासणीत डॉक्टर काय करतात याची बातमी कुणीतरी पसरवली होती, आणि ती ऐकल्यापासून सगळे झाडाला पाठ टेकून उभे होते. बायका देवळामागं होत्या. "आमाला काय झालंय? ह्यास्नी तपासा," असं त्या पुरुषांकडं बोट दाखवून म्हणत होत्या. पुरुष म्हणत होते, "आधी बायामाणसांचं हुंदे, लेडीज फष्ट."

शेवटी आबा स्टेजवर खुर्चीत बसले. छाती पुढं काढून हात टेबलावर ठेवला. रुक्सारनं पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला. तिनं पट्टा सोडला. जरा थांबून पुन्हा बांधला. मग दुसरं मशिन मागवून दुसऱ्या हाताला बांधला. आबा फोटोग्राफरकडं बघून हसतच होते. तोंड त्यांच्या कानाजवळ नेऊन ती अगदी हळू म्हणाली, "काका, बीपी दोनशेच्या घरात आहे. भाषण नको, चला आत."

पण टेबलावरचा माइक बंद करायचं माइकवाल्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. देवळाच्या शिखरावरच्या कर्ण्यातून सगळ्या मोरबंदनं ऐकलं, 'बीपी दोनशेच्या घरात आहे.' रुक्सारनं झडप घालून माइक बंद केला, पण शब्द शिखरावर पोचले होते.

 मग सोसायटीचा मापाडी धनाजी ओरडला, "दोनशे! आरं, वाघ हाय वाघ आपला आबा!" आणि टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. 'हंबीरआबा आगे बढो' झालं. दुधाचं फॅट जितकं जास्त तितका भाव जास्त, हे ज्या गावाच्या हाडीमाशी मुरलेलं, त्या गावाला जास्त आकडा वाईट असतो हे सुचावं कसं? आबांनी उठून हात जोडले.

मग मात्र चिंचेखाली कुणी थांबेना. प्रत्येकाला आपला आकडा बघायचा होता. रांगेत धक्काबुक्की झाली. एकशे साठवाले मिशीवर हात फिरवत बाहेर पडले. रोज ऊस तोडून काटक झालेला बिराप्पा एकशे वीसवर निघाला, तर खाली मान घालून घरी गेला. "आमचं काय भरतंय," म्हणाला, "चेअरमनच्या निम्म्याहून जरा वर." रुक्सार घसा कोरडा करून ओरडत होती, "अहो, कमी आलं ते चांगलं!" लोक एकमेकांना म्हणाले, पोरगी मनानं चांगली हाय, गरिबाला वाईट वाटू नये म्हणून बोलतीया.

पडद्याआड नेऊन तिनं आबांना गोळी दिली. रक्तातली साखर बघितली, तीही वाढलेली. मग नजर कागदावर ठेवून विचारलं, "काका, लघवीचा त्रास?"

"पोरी, तू माझ्या मांडीवर खेळलेली..."

"म्हणूनच विचारते."

 जमिनीकडं बघून आबांनी थोडं सांगितलं. त्या थोड्यातून तिनं बाकीचं ओळखलं. "पन्नाशीनंतर पुरुषांना होतं हे. बहुतेक वेळा साधं असतं. पण साधं आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही."

"कराडात नगं," आबा म्हणाले. "हितं शिपाईसुदीक वळखतो मला."

तिनं सांगलीच्या एका डॉक्टरचं नाव दिलं.

तिकडं बायकांची बाजू फोटोत रिकामी दिसू नये म्हणून आबांनीच वैनींना रांगेत उभं केलं होतं. वैनी रुक्सारच्या पुढं बसल्या आणि "काय न्हाई ग, थोडी उष्णता" इथून सुरुवात केली. रुक्सारनं त्यांचा हात धरला. घामानं ओला झालेला तो हात कुणी नुसता धरल्यालाही किती दिवस झाले होते! वैनींना रडू आलं आणि सगळं बाहेर पडलं. उकळ्या फुटतात ते वयाचं आहे, त्यावर उपाय आहेत, असं रुक्सारनं सांगितलं. "पण काकी, पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर अंगावर जाणं, हे वयाचं नाही. हे लगेच बघायला हवं."

"ह्यास्नी सांगू नगंस. इलेक्शन हाय."

तिनं सांगलीच्या एका डॉक्टरणीचं नाव दिलं. डॉक्टर आणि डॉक्टरीण एकाच दवाखान्यात बसत, हे दोघांनाही वेगवेगळं सांगायची तिला गरज वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात आबा चहा पिता पिता म्हणाले, "उद्या सांगलीला जाऊन येतो. हळदीचा बाजार बघाय."

वैनी घाईनं म्हणाल्या, "मी बी उद्या सांगलीलाच चाललीया. बहिणीबरोबर गणपतीच्या दर्शनाला."

"मग गाडीतनं सोडतो की."

"नगं नगं! आमी एस्टीनं जातो. अर्धं तिकीट हाय बायकांना."

आबांच्या जिवात जीव आला. ज्या घरात मीठ संपलं तरी दोघांत चर्चा व्हायची, त्या घरात त्या दिवशी कुणी कुणाला उलट विचारलं नाही.

सांगलीच्या दवाखान्यात आबा तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, डोळ्यांना काळा चष्मा लावून शिरले. बाकावर एक जण आधीच मफलर गुंडाळून बसला होता, तोही ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला. आबा शेजारी बसले. दोघांनाही भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबवून ठेवायला सांगितलं होतं. दोघंही एका लयीत पाय हलवत होते. तेवढ्यात आतून नर्सनं आवाज दिला, "कृष्णात यादव, मोरबंद!"

मफलर उठला. आबांच्या तोंडून निघून गेलं, "कृष्णात, तू?"

कृष्णातनं आवाज ओळखला. 

"मी... पाव्हण्याला बघाय आलोय," कृष्णात म्हणाला.

"मी बी."

"कुठाय तुमचा पाव्हणा?"

"तुझा कुठाय?"

नर्स म्हणाली, "लवकर चला हो, ब्लॅडर भरलंय ना?" आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. कृष्णात आत गेला, मोकळा होऊन बाहेर आला, आणि आबांच्या शेजारी बसून हळूच म्हणाला, "आबा, कवापास्नं हाय?"

"झालं दोन वर्सं. तुझं?"

"तीन." कृष्णातनं जरा दबल्या अभिमानानं सांगितलं. "प्रचारात ह्ये काढायचं न्हाई, आबा. आईची आण."

"तू बी न्हाई, मी बी न्हाई."

पंचवीस वर्षांत दोन्ही पॅनेलचं एकमत झालेला हा पहिलाच ठराव. आबांना बरं वाटलं. डॉक्टरांनी तपासलं. ग्रंथी वाढलेली, पण साधी. रक्ताचा रिपोर्टही बरा होता. गोळ्या चालू झाल्या, आणि बीपी-साखरेच्या गोळ्या सोडू नका, चालायला लागा, असा दम मिळाला. आबा हलके होऊन जिन्यात आले, आणि वरच्या मजल्यावरून बहिणीचा हात धरून उतरणाऱ्या संयोगितावैनी समोर आल्या.

आबांनी मास्क वर ओढला. वैनी म्हणाल्या, "राहू द्या. वहाणांचा आवाज वळखते मी."

"तू गणपतीला..."

"तुमी हळदीला..."

आबा हसले. वैनी हसल्या नाहीत. तेव्हा आबांना पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला. मागच्या वर्षभरात तो इतका ओढला होता आणि आपण तो जेवणाच्या ताटापलीकडं रोज बघत होतो, हे ध्यानात येऊन ते जिन्यातच थांबले. बहिणीनंच सांगितलं, "दाजी, पिशवीत गाठीसारखं काय तरी हाय म्हंत्यात. काढून तपासाय धाडणार."

"कवापास्नं?"

"सा म्हयनं," वैनी म्हणाल्या.

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"सब्जा खा म्हणाला असता."



वैनींना दवाखान्यात ठेवलं त्या दिवशी प्रचाराची मोठी सभा होती. आबा सभेला गेले नाहीत. पॅनेलचे लोक फोन करून थकले. आबा वैनींच्या खाटेशी होते, पण खाटेवर बसले नाहीत. स्टूल ओढून घेतलं. त्यांनी तोंड उघडलं आणि याच दुखण्यानं गेलेल्या बायकांची नावं जिभेवर आली. त्यांनी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा आबा रोग्याजवळ गप्प बसले.

"काय तरी बोला की," वैनी म्हणाल्या.

"काय बोलू? मला हेच बोलाय येतंय," आबा म्हणाले. वैनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. कुणीतरी भेटायला आलेला माणूस शेजारच्या खाटेवरच्या बाईला जोरजोरात धीर देत होता, आणि ती बाई डोळे मिटून घेत होती. आबा उठले आणि त्या माणसाला चहा प्यायला म्हणून बाहेर घेऊन गेले.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. तो आठवडा आबांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. रुक्सारनं फोन करून सांगितलं, "साधी गाठ होती काकी. वेळेत निघाली." आबा गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीवर डोकं टेकवून बराच वेळ उभे राहिले.

निवडणुकीत आबांचं पॅनेल पडलं. सभेला न आलेला चेअरमन लोकांना चालला नाही. कृष्णात चेअरमन झाला. त्यानं शब्द पाळला होता, प्रचारात एक अक्षर काढलं नव्हतं. पण बायकांमध्ये असा काही ठराव नव्हता. चैत्रातल्या हळदीकुंकवाला वैनींनी कैरीची डाळ वाढता वाढता आपलं सगळं सांगितलं, आणि ओघात यजमानांचंही. ऐकून सतरा जणींनी आपापलं सांगितलं. दुसऱ्या दिवशी रुक्सारच्या दवाखान्यात मोरबंदच्या बायकांची जीप गेली. पुरुष काही गेले नाहीत. ते एकेकटे, डेअरीच्या मागं, इकडंतिकडं बघत आबांना गाठू लागले. "आबा, माझ्या एका मित्राला तरास हाय..." आबा मित्राचं नाव न विचारता सांगलीचा पत्ता द्यायचे.

आणि आबा चालायला लागले. रोज सकाळी, वैनींबरोबर, नदीकडच्या रस्त्यानं. पहिल्या दिवशी लोकांनी विचारलं, "कुणीकडं निघालाय जोडीनं? कोण गेलं का?" काही कारण नसताना नवरा-बायको चालतात हे मोरबंदनं पाहिलेलं नव्हतं. "कुठं न्हाई, उगंच," असं आबांनी सांगितलं, आणि तिथंच संशय आला. उगंच चालणारा माणूस गावात आजवर फक्त तलाठी होता, आणि त्याच्यामागून जमिनीची मोजणी यायची. चार दिवसांनी कृष्णातही त्याच रस्त्यानं चालायला लागला. त्यालाही डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण गावाला काय माहीत? आजी-माजी दोन्ही चेअरमन रोज सकाळी एकाच रस्त्यानं जातात आणि बांधाकडं बघत परत येतात, म्हटल्यावर काहीतरी मोठं आहे हे नक्की झालं. कुणी बायपास म्हणालं, कुणी पेट्रोल पंप. रस्त्याकडेची जमीन असलेल्यांनी कुंपणं घातली. ज्या नाथाजीचं तिथलं मुरमाड रान फुकट घ्यायला कुणी तयार नव्हतं, तो आता आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलेना.

एके सकाळी नाथाजीनं वाट अडवलीच. "आबा, आता लपवू नगा. ह्या रस्त्याला काय येणार हाय?"

"काय न्हाई रं. साखरंसाठी चालतोय मी."

नाथाजीचे डोळे मोठे झाले. "म्हंजी कारखाना येतोय व्हय हितं?"

"आरं कारखाना न्हाई, माझी साखर वाढलीया. ती कमी कराय चालतोय."

नाथाजीनं मान हलवली. मोठ्या लोकांच्या पोटातलं असं सहज बाहेर येत नाही हे त्याला ठाऊक होतं. "न्हाई सांगायचं तर नगा सांगू," तो म्हणाला, "पण माझ्या रानात उसाचा वजनकाटा बसवायचा आसंल तर आधी मला इच्यारा." आणि तो घाईघाईनं कुंपणाची तार आणायला गेला.

संयोगितावैनी हसून हसून मैलाच्या दगडावर बसल्या. कानशिलं लाल झाली, पदर तोंडाला लागला. आबांनी डोक्यावरची टोपी काढून त्यांना वारा घातला, आणि म्हणाले, "उठ आता, अजून निम्मा रस्ता हाय."